भय धरणं आणि भीती वाटणं

मावशी, सलाम.

मी एकोणतीस वर्षांची आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब आणि डिस्पॅच बघते. घरी आई आणि मी. बाबा जाऊन चार वर्षं झाली. लहानपणापासून चर्चला जाते, संडे स्कूलमध्ये वचनपाठांतराची बक्षिसं मिळवलेली आहेत. गेलं वर्षभर रात्री दीड-दोनला जाग येते, छाती धडधडते आणि वाटतं, माझं काहीतरी चुकलंय, आता देव शिक्षा करणार. क्षमा मागते. नीट मागितली नाही असं वाटतं, म्हणून परत मागते. मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं तर पहिल्यापासून सुरू. कधी कधी चार वाजतात. उपासनेत बसलेली असताना पवित्र आत्म्याबद्दल नको नको ते शब्द मनात येतात. हेच ते अक्षम्य पाप का? नोव्हेंबरात आईची शुगर तीनशेच्या वर गेली, तेव्हा वाटलं हे माझ्यामुळे. अयोग्य प्रकारे भाकर खाल तर दंड ओढवून घ्याल, असं प्रेषित पौलाने बायबलात लिहिलंय, म्हणून सहा महिने मी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली ती भाकर आणि पेला, घेतलेलं नाही. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्रीही ताट पुढे सरकवलं. आईने बघितलं, काही बोलली नाही. पाळकसाहेबांना सांगायची लाज वाटते. एका सभेत वक्ते म्हणाले, चिंता करणं हेच पाप आहे, विश्वास कमी असल्याचं लक्षण आहे. आता चिंता वाटते याचीही चिंता वाटते. कधी वाटतं, सकाळी उठूच नये. परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा प्रारंभ म्हणतात. मला ज्ञान येत नाही, नुसतं भयच येतं. असं का?

– एक बहीण, सोलापूर

*

पोरी, सलाम.

पत्रातलं एक छोटं वाक्य आधी घेते, कारण तू ते घाईघाईने शेवटी टाकलंयस. ‘सकाळी उठूच नये.’ हे नुसतं थकलेल्या माणसाचं बोलणं असेल तर मला कळतं. वर्षभर रोज रात्री दोन तास जागून दुसऱ्या दिवशी टॉवेलचे डझन मोजायचे, कोणीही थकेल. पण जीव द्यावा, असं करावं, तसं करावं, असे विचार कधी आले असतील किंवा आले, तर पुढचं नंतर वाच. आईला उठव, तिच्याजवळ बस, आणि १४४१६ वर फोन लाव. टेली-मानस म्हणून केंद्र सरकारची ही सेवा २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. रात्री दोनलाही कोणीतरी फोन उचलतं.

आणि असं वाटणारी तू पहिली नाहीस. एलीया संदेष्टा आठव, राजांच्या पहिल्या पुस्तकातला १९वा अध्याय. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा माणूस थोड्याच दिवसांत रानात एका झुडपाखाली जाऊन बसतो आणि म्हणतो, पुरे झालं आता, माझा प्राण घे. देवाने त्याला काय केलं? ओरडला नाही, विश्वास कमी पडला म्हणाला नाही. झोपू दिलं. दूत आला तो निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी घेऊन आला. ऊठ, खा. खाल्लं, परत झोपला. परत उठवलं, परत खायला घातलं. बोलणं नंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. हा क्रम लक्षात ठेव, पुढे मी तुला हॉस्पिटलात पाठवणार आहे तेव्हा कामाला येईल.

आता तुझा प्रश्न. तुझ्या पत्रात ‘भय’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी आलाय आणि सगळा घोळ तिथेच आहे. आपल्या मराठीने खरं तर हा फरक नीट जपलाय, आपणच ऐकत नाही. ‘मला भीती वाटते’ म्हणताना आपण काहीच करत नसतो. भीती कुठून तरी येते आणि अंगावर बसते. जशी तहान लागते, जशी शिंक येते, तशी. पण आपल्या पवित्र शास्त्रात परमेश्वराचं भय ‘धरतात’, ‘बाळगतात’. धरायला हात लागतो. बाळगायला सांभाळावं लागतं. जे आपण धरतो ते आपल्या मुठीत असतं, आणि रात्री दोनला तुला जे होतं त्याच्या मुठीत तू असतेस. एक शब्द, पण धरणारा हात वेगळा.

हा नुसता माझा शब्दखेळ वाटत असेल तर निर्गम २०:२० काढ. सीनाय डोंगर धुमसतोय, कडकडाट चाललाय, लोक थरथर कापत लांब उभे आहेत. मोशे त्यांना म्हणतो, भिऊ नका. आणि त्याच वाक्यात पुढे म्हणतो, देव आलाय तो त्याचं भय तुमच्यासमोर राहावं म्हणून. एकाच दमात भिऊ नका आणि भय असू द्या! मूळ हिब्रूतही दोन्हीकडे धातू एकच आहे, म्हणजे भाषांतराची गडबड नाही. मोशेला दोन वेगळ्या गोष्टी म्हणायच्या होत्या, एवढंच त्यातून निघतं. एक गोष्ट लोकांना डोंगरापासून लांब पळवते, दुसरी त्यांना सरळ चालायला लावते.

दुसरं वचन स्तोत्र १३०चं, आणि मला विचारशील तर सगळी चावी त्यात आहे. परमेश्वरा, तू अधर्म मोजत बसलास तर टिकेल कोण, असं विचारून स्तोत्रकर्ता म्हणतो: पण तुझ्याजवळ क्षमा आहे, म्हणून लोक तुझं भय धरतात. तो ‘म्हणून’ बघ. आपण हे वाक्य मनात उलटं वाचतो, की देव शिक्षा करतो म्हणून भय. इथे क्षमा आधी आली आणि तिच्यातून भय आलं. ज्याने आपलं सगळं कर्ज माफ केलं त्याच्यासमोर माणूस जसा आवाज खाली आणून उभा राहतो, ते हे भय. सावकाराच्या भीतीने मागच्या दाराने पळणारा माणूस वेगळा.

आगस्तीन या जुन्या धर्मगुरूने चौथ्या-पाचव्या शतकात हाच फरक दोन बायकांच्या उदाहरणाने सांगितला होता. एकीचं मन दुसरीकडे, तिला धास्ती की नवरा घरी येईल. दुसरीला धास्ती की नवरा सोडून जाईल. दोघी घाबरतात, पण एकीच्या मनात तो नको आहे आणि दुसरीच्या मनात तो हवा आहे. (उदाहरण जुन्या काळचं आहे. आज सांगायला गेलं तर बायका मलाच विचारतील, नवऱ्याची धास्ती घ्यायचीच कशाला. असो.) तू सहा महिने भाकर घेत नाहीस, रडतेस, तरी दर रविवारी बाकावर येऊन बसतेस. तुला देव नको असता तर रविवारी कुठेतरी फिरायला गेली असतीस.

आता कबुलीची पाळी माझी. मी बावीस वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवलं आणि तुझ्यासारख्या पोरांच्या डोक्यात हा घोळ घालण्यात माझाही हात आहे. एकदा वर्गात कोणाचं तरी खोडरबर हरवलं. कोणी घेतलं ते मला माहीत होतं, सात वर्षांचं पोरगं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, घेणाऱ्याने लक्षात ठेवावं, देव वरून बघतोय. रबर लगेच परत मिळालं, मी खूश. पुढच्या रविवारी खाऊ वाटला तर हे पोरगं दिसेना. बघते तर बाकाखाली बसून लाडू खातंय. का रे बाबा? म्हणालं, ‘इथं वरून दिसत नाही.’

त्या दिवशी मी हसले. घरी येऊन माझ्या सासूबाईंना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ. म्हणाल्या, ‘देव काय दगड घेऊन बसलाय व्हय गं वर?’ १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या त्या कवीने ख्रिस्ताला माउली म्हटलं आणि आम्ही शिकल्यासवरलेल्या बायकांनी पोरांच्या मनात त्याचा फौजदार करून ठेवला. तुझ्या मनातला फौजदार कोणी बसवला ते मला माहीत नाही, पण तो बसवलेला आहे, तो देव नाही.

तुझ्या रात्रीच्या प्रार्थनेकडे वळते, कारण मला सगळ्यात जास्त तिथे बोलायचंय.

माझे वडील मागावर होते. लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा बघितलेलं सांगते. पॉवरलूमवर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, धागा आहे की नाही ते चाचपणारी एक छोटी काट्यासारखी पट्टी असते तिच्यामुळे. फार उपयोगी गोष्ट, नाहीतर वारभर कापड फुकट जाईल. पण ती पट्टी वाकली किंवा ढिली झाली की धागा शाबूत असतानाही माग थांबतो. चालू केला की परत थांबतो. नवखा विणकर अशा वेळी कापडात तुटका धागा शोधत बसतो. सापडत नाही, तर आणखी बारकाईने शोधतो. वडील मात्र कापडाकडे बघायचेच नाहीत. सरळ पाना घेऊन पट्टी बघायचे.

तू वर्षभर कापडात धागा शोधते आहेस. सदसद्विवेक ही देवाने दिलेली पट्टी आहे, पण तीही बिघडते. खरा धागा तुटलेला असला तर कुठे तुटला ते बोट ठेवून सांगता येतं: अमक्याशी खोटं बोलले, तमक्याचे पैसे दिले नाहीत. काय करायचं तेही कळतं, आणि केलं की माग चालू होतो. तुझ्या पत्रात मी शोधलं. ‘काहीतरी चुकलंय’ एवढंच आहे. काय, ते एकदाही नाही. आणि क्षमा मागून झाल्यावर माग चालू होत नाही, परत थांबतो.

याला आपल्याकडे जुना शब्द आहे, मंत्रचळ. हात परत परत धुणारी, कुलूप परत परत ओढून बघणारी माणसं आपल्या ओळखीची असतात. तोच आजार धार्मिक माणसाला झाला की हाताऐवजी आत्मा परत परत धुतला जातो. मी डॉक्टर नाही, नक्की काय ते डॉक्टरच सांगतील. पण नीट म्हटली गेली नाही म्हणून प्रार्थना पहिल्यापासून सुरू करणं ही त्यातली अगदी ओळखीची खूण आहे. पाच मिनिटं बरं वाटतं, म्हणून मन पुढच्या वेळी पुन्हा तेच मागतं. त्या पाच मिनिटांच्या सुटकेवरच तो आजार पोसतो.

मोठमोठ्यांना झालाय. मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत बसायचा, उठून जायचा आणि काहीतरी राहिलं म्हणून परत यायचा. येशूसंघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला १५२२च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा गावी होता. सगळी पापं लिहून काढून कबूल केली, तरी वाटायचं काहीतरी राहिलंच. परत कबुली, परत शंका. इतका हैराण झाला, की जीव द्यायचे विचार यायला लागले. शेवटी त्याने ठरवलं, की झालेल्या पापांची कबुली आता पुन्हा द्यायची नाही. तिथून तो सुटत गेला. आपण प्रॉटेस्टंट, संतांच्या गोष्टी फारशा सांगत नाही, पण ही सांगण्यासारखी आहे. तो आणखी एक कबुली देऊन सुटला नाही. एक कबुली न देण्याचं ठरवून सुटला.

तू म्हणशील, गेथशेमाने बागेत येशूनेही तीनदा तेच शब्द म्हटले. म्हटले. पण पहिली प्रार्थना नीट झाली नाही म्हणून नव्हे. दुःख तेच होतं म्हणून शब्द तेच आले. आणि तो स्वतः तिथे अतिशय अस्वस्थ आणि व्याकूळ झाला होता, असं मार्कने त्याच्या शुभवर्तमानात लिहिलंय. आता त्या वक्त्यांना विचार, तेही विश्वास कमी असल्याचं लक्षण होतं का?

त्या वक्त्यांचा मला रागच आलाय. फिलिप्पैकरांस पत्रात ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असं पौल म्हणतो, खरं आहे. पण तोच पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहितो, की मला रोज सगळ्या मंडळ्यांची चिंता असते. ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकाच घराण्यातला आहे. मग पौलाने पाप केलं? फिलिप्पैकरांना तो ते वाक्य तुरुंगातून लिहितोय. तुरुंगातला माणूस दुसऱ्यांना ‘काळजी करू नका’ म्हणतो तेव्हा तो धीर असतो. एसी हॉलमध्ये माइक धरून तेच म्हटलं की तो आरोप होतो.

आपल्या सोलापुरात नळाला पाणी काही रोज येत नाही. आलं की पिंप, बादल्या, कळश्या भरून ठेवायच्या, ही काही चिंता नव्हे, हा संसार आहे. भरलेल्या पिंपाचं झाकण रात्री तीनदा उठून उघडून बघायचं, ती चिंता. आणि तीही पाप म्हणून नको, पाणी वाढत नाही म्हणून नको. उद्याची चिंता करू नका, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, असं येशू म्हणतो तेव्हा रोजचं दुःख असतं हे त्याने धरूनच चाललंय.

अक्षम्य पापाचं थोडक्यात सांगते, कारण इथे लांबण लावली तर तू त्याच्यावरच विचार करत बसशील. पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला क्षमा नाही, हे मार्कच्या तिसऱ्या अध्यायातले येशूचे शब्द कोणाला उद्देशून आहेत? यरुशलेमेहून आलेल्या शास्त्र्यांना. त्यांनी डोळ्यांदेखत लोक बरे होताना बघितले आणि शांत डोक्याने म्हणाले, हे सैतानाचं काम. त्यांना रात्री झोप लागत होती. तुझ्या मनात नको ते शब्द येतात आणि तुझी झोप उडते. जो विचार आपल्याला सगळ्यात किळसवाणा वाटतो नेमका तोच येऊन टोचत राहणं, हे त्या आजारात फार वेळा होतं. आईच्या जिवाला जपणाऱ्या मुलीला आईला इजा करण्याचे विचार येतात, पवित्र आत्म्याला जपणाऱ्या मुलीला असे. ते हाकलायला जाऊ नकोस, हाकललं की दुपटीने येतात. बसच्या खिडकीतून जाहिरात दिसावी तसं येऊ दे, जाऊ दे.

प्रभुभोजनाचं मात्र नीट बघू या, तिथे वचन चुकीचं वाचलं गेलंय. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११. २७वं वचन तुला पाठ आहे, पण २०पासून वाच. करिंथात प्रभुभोजन म्हणजे खरोखरचं जेवण होतं. खातेपिते लोक लवकर येऊन खाऊन पिऊन मोकळे व्हायचे, उशिरा पोचणारे गरीब उपाशी राहायचे. एक भुकेला तर दुसरा झिंगलेला, असं पौल स्पष्ट लिहितो. ‘अयोग्य प्रकारे’ म्हणजे हे. गरिबाला उपाशी ठेवून प्रभूची भाकर खाणं. शब्द ‘प्रकारे’ आहे. अयोग्य माणसाने खाऊ नये असं तो म्हणत नाही, नाहीतर ताट भरलेलंच परत गेलं असतं, पाळकसाहेबांसकट. आणि पुढच्याच वचनात काय म्हणतो? माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. ‘मग खाऊ नये’ असं नाही.

आईच्या शुगरबद्दल. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि आईबापांनीही नाही. तुझी मला जरा गंमतही वाटते. तू रात्री दोनला चार शब्द चुकवलेस म्हणून देव तुझ्या आईच्या रक्तात साखर कालवतो? नोव्हेंबर म्हणजे दिवाळीच्या आसपास. शेजारपाजाऱ्यांकडून फराळाची ताटं आली असतील, आईने दोन करंज्या जास्त खाल्ल्या असतील, एखादी गोळी चुकली असेल. तिची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी शुगरची तपासणी करून घे. तिने खरं चित्र कळेल, तुझ्या रात्रीच्या हिशेबाने नाही.

तुझ्या हिशेबाला उपयोगी पडेल असं एक देते. ज्याचं भय धरावं त्याचं ते कडक वचन आहे ना, देह मारणाऱ्यांना भिऊ नका, नरकात टाकण्याचा ज्याला अधिकार आहे त्याला भ्या? तिथेच थांबू नकोस. पुढच्याच ओळीत चिमण्या आहेत. मत्तयात एका दमडीला दोन चिमण्या. लूकात दोन दमड्यांना पाच. तू डिस्पॅच बघतेस, तुला लगेच कळेल: पाचवी चिमणी फुकट गेली. घाऊक मालावर वर टाकलेली. बाजारात तिची किंमत शून्य, आणि येशू म्हणतो, तिचासुद्धा देवाला विसर पडत नाही. म्हणून भिऊ नका. सगळ्यात घाबरवणारं वाक्य आणि ‘भिऊ नका’ यांच्यात दोन ओळींचं अंतर आहे. (‘भिऊ नको’ बायबलमध्ये ३६५ वेळा आहे, वर्षाच्या रोजच्या दिवसाला एक, असा मेसेज दर जानेवारीला फिरतो. मोजायला बसलं तर तेवढा आकडा भरत नाही. पण पुष्कळदा आहे, आणि एकदा असतं तरी चाललं असतं.)

आता करायचं काय. या आठवड्यात एक दिवस सकाळची सुट्टी काढ आणि आपल्या सिव्हिलला जा. केसपेपर काढ आणि मानसोपचार विभाग विचार. खासगी डॉक्टर परवडत असतील तर तिकडे जा, पण मानसोपचाराचेच असू देत. तिथे लाजू नकोस आणि मोघम बोलू नकोस. ‘टेन्शन आहे’ म्हणालीस तर पुढचा पेशंट येईल. सांग की रात्री इतक्या वाजता जाग येते, प्रार्थना इतक्या वेळा म्हणावी लागते, इतका वेळ जातो, नको असलेले विचार येतात. न उठण्याचं वाक्यही तिथे मोठ्याने म्हण. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी करायची का तेही विचार, धडधड तिथूनही होते. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानेही बंद करायच्या नाहीत. आई शुगरची गोळी घेते तेव्हा तिचा विश्वास कमी पडतो का?

गोळ्यांबरोबर एक बोलण्याची उपचारपद्धती असते. तिच्यात असं शिकवतात, की भीती आली तरी ती पुन्हा पुन्हा करायची गोष्ट करायची नाही. इथे, प्रार्थना परत सुरू करायची नाही. भीती चढते, खूप चढते, आणि मग आपली आपण ओसरते. ओसरते हे एकदा अंगाने कळलं की पुढच्या वेळी जरा कमी चढते. हे समुपदेशकाबरोबर पायरीपायरीने करायचं असतं, एकटीने एका रात्रीत नाही. तोवर एवढं कर: झोपताना प्रभूची प्रार्थना एकदा. आमेन म्हणजे ‘तसंच असो’. पुढची जबाबदारी ऐकणाऱ्याची. रात्री जाग आली तर पाणी पी, गच्चीवर जाऊन उभी राहा. या उन्हाळ्यात तसंही अर्धं सोलापूर गच्चीवरच असतं.

पाळकसाहेबांशी बोल. तोंडाने जमत नसेल तर हे उत्तर त्यांच्या हातात दे. पण त्यांना एकदाच सांगायचं. दर आठवड्याला ‘माझी क्षमा झाली ना?’ असं विचारायला जायचं नाही, कारण ते उत्तरही मग प्रार्थनेसारखंच पुन्हा पुन्हा हवं होतं. मलाही विचारायचं नाही. तसं पत्र आलं तर मी उत्तर देणार नाही, रागावून नव्हे, तुझ्या भल्यासाठी.

आणि येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी आईशेजारी बस. ताट येईल तेव्हा छाती धडधडणार, हात थरथरणार, कदाचित नेमके तेच शब्द मनात येतील. थांबवू नकोस त्यांना. भाकर घे. छोटा पेला घे, घशाखाली जाऊ दे, आणि ताट पुढच्या माणसाच्या हातात दे. नंतर घरी जाऊन नीट घेतलं का ते तपासायचं नाही. जेवायचं.

मग लिही मला. सिव्हिलला काय म्हणाले ते, आणि आईच्या तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा किती आला ते.

तुझी,
मावशी